छाटीची टेप

आमच्या घरात बाबांचा एक नियम होता: बोलायचं मोठ्यानं, नाव मुकाट्यानं. बाबा मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते आणि गेटवर वाटायची पत्रकं आमच्या स्वयंपाकघरात लिहिली जायची. गुलाबी, पिवळा, हिरवा, मिळेल तो कागद. ठळक टाईप. खाली लिहिणाऱ्याचं नाव कधीच नाही. मी वाचायला शिकले ती त्या कागदांवर. शाळेत बाईंनी 'माझी आई' हा निबंध दिला तेव्हा मी 'बंधू-भगिनींनो' अशी सुरुवात केली होती आणि शेवटी आईच्या वतीनं तीन मागण्या मांडल्या होत्या.

आणीबाणी आली तेव्हा एका सकाळी सगळे गठ्ठे बंबात गेले. त्या दिवशी पाणी इतकं कढत निघालं की आई म्हणाली, "एवढी वर्षं लिहिलेलं एकदाचं कामाला आलं." कोणी हसलं नाही. बाबांच्या सोबतीच्या एकाला घरातून उचलून नेलं होतं. तेव्हापासून आमच्या दाराची कडी वाजली की बाबा आधी आतल्या खोलीत जायचे आणि मग आई दार उघडायची. माणूस दूध घालणारा असला तरी.

अशा घरातून मी परगावी सिनेमा शिकायला गेले. माहितीपट. मला वाटायचं, पत्रकापेक्षा हे भारी. पत्रक वाचता न येणाऱ्यालाही दाखवता येईल. बाबा एवढंच म्हणाले, "पत्रक गिळता येतं. सिनेमा कसा गिळशील?"

आमच्या संस्थेत शिकण्याची रीत अशी की शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं पदवीसाठी स्वतःचा एक माहितीपट करायचा आणि खालच्या वर्गातल्यांनी त्याच्या हाताखाली राबायचं. वर्गात फळ्यावर जे कळत नाही ते तिथं शिव्या खाऊन कळतं. एका मुंबईच्या मुलानं विषय घेतला होता सोलापूरची चादर. मी सोलापूरची, म्हणून आवाजाचं काम माझ्याकडे आलं. तो दिग्दर्शक, एक मद्रासकडचा कॅमेरावाला आणि मी, अशी तिघांची फौज. परवानगीच्या कागदावर शिक्का होता आणि विषय लिहिला होता: चादर, सुतापासून घडीपर्यंत. सामान आमच्या घरी ठेवलं. ते दोघं स्टेशनजवळच्या लॉजवर उतरले.

पहिल्याच दिवशी मला कळलं की मला विचारता येत नाही. पूर्व भागातल्या एका मागवाल्यासमोर माईक धरून मी म्हणाले, "मालक तुमचं रक्त पितात हे खरं आहे ना?" तो बिचारा एकदा माझ्याकडे, एकदा दाराकडे बघायला लागला. दिग्दर्शकानं कॅमेरा थांबवला आणि मला बाहेर नेलं.

"तू प्रश्न विचारत नाहीस," तो म्हणाला. "तू घोषणा देतेस. त्यांनी फक्त 'विजय असो' म्हणायचं बाकी ठेवतेस."

"मग काय, त्यांचे प्रश्न त्यांनीच विचारायचे?"

"हो. तू गप्प बस. समोरचा गप्प झाला तरी तू गप्पच बस. 'हं' सुद्धा म्हणू नकोस, टेपवर तुझा हुंकार ऐकू येतो. माणसाला शांतता सोसवत नाही. तो ती भरायला लागतो. जे भरतो ते घे."

मला राग आला. गप्प बसण्याच्या विरोधात आमच्या घरानं एवढा कागद काळा केला होता आणि हा मला गप्प बसायला शिकवत होता. पण त्याचं आणखी एका गोष्टीवरूनही डोकं फिरलेलं होतं. टेपच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचं नाव, ठिकाण, वार असं मोठ्यानं सांगून ठेवायचं, म्हणजे नंतर कापाकापी करताना कुठला आवाज कुणाचा ते कळतं, असं आम्हाला वर्गात घोकून घेतलेलं. कारण आमच्या कॅमेऱ्यात आवाज नसतो; चित्र एका फितीवर, आवाज दुसऱ्या फितीवर, आणि दोन्हीची गाठ नंतर घालायची. मी नाव सांगायचेच नाही. जीभ वळायची नाही. मी म्हणायचे, "एक बाई. सोलापूर." तो कपाळाला हात लावायचा.

एक बाई. ती म्हणजे अक्का. तिचा नवरा मागावर आणि ती सुपावर. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं आणि तंबाखू, बोटांना दोऱ्याचा फेर. चादर विणणाऱ्याच्या घरात चूल बिडीवर चालते हे दिग्दर्शकाला दिसलं आणि त्याला ते हवं झालं. अक्का आईच्या ओळखीतली होती. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि हात कुठल्याच भाषेसाठी थांबत नसत.

अडचण आवाजाची होती. त्या भागात प्रत्येक घराला लागून माग. खट्याक-खट्याक, खट्याक-खट्याक. अक्का तोंड हलवायची आणि माझ्या हेडफोनमध्ये नुसते माग बोलायचे. मी वैतागले होते. मग कोणीतरी सांगितलं की वीज बंद असते त्या दिवशी या. आमची यंत्रं बॅटरीवर चालायची, म्हणून आम्ही तो दिवस धरला. सकाळीच वीज गेली, माग थांबले, आणि गल्लीत अशी शांतता झाली की अक्काच्या बोटांतला दोरा ओढल्याचा आवाजसुद्धा मला मिळाला. मी हरखून गेले.

मी विचारलं काहीच नाही. गप्प बसले. अक्का थोडा वेळ बिड्या वळत राहिली, मग आपणहून म्हणाली, "छाटीचं सांगू का?"

बिडीच्या धंद्यात छाट म्हणजे चेकरनं नापास केलेली बिडी. बाया आठवडाभर वळलेल्या बिड्या कंपनीच्या ब्रँचमध्ये नेतात. तिथं टेबलामागे चेकर बसतो. बांधलेल्या जुडीतून, कट्ट्यातून, बिड्या काढून बोटानं दाबतो आणि वाकडी, बारीक, सैल म्हणून बाजूला फेकतो. फेकलेल्याचे पैसे नाहीत.

"फेकलेली बिडी चुलीत जात न्हाय की," अक्का म्हणाली. "दुसऱ्या पोत्यात जाती. पोत्यातनं दुकानात जाती. माजी वाकडी बिडी मानूस पैसे देऊनच वडतो ना? मग ती वाकडी कुनासाठी? माज्यासाठीच न्हवं?" मग तिनं चेकरचं नाव घेतलं. कुठल्या बाईच्या बिड्या तो फेकत नाही आणि का फेकत नाही, तेही सांगितलं. आवाज न चढवता, हिशोब सांगावा तसं. दोरा ओढला जायचा, कात्री वाजायची आणि मधून वाक्य यायचं. मग एकदम थांबली. "झालं तेवढंच. उठा आता, चा ठेवते."

मी बटण बंद केलं.  आमच्या बंबात त्या सकाळी जेवढी पत्रकं जळली, त्या सगळ्यांपेक्षा हे जड होतं.

जागा सोडण्याआधी टेप वाजवून बघायची, हा वर्गातला आणखी एक धडा. आवाज नीट आला नसेल तर तिथल्या तिथं पुन्हा घेता येतो. मी हेडफोन लावणार, तेवढ्यात शेजारच्या दोघी-तिघी दारात आल्या. "आम्हाला बी ऐकव की गं! अक्का रेडिओत कशी बोलती बघू!" अक्काही लाजून हसली. मी यंत्राचा स्पीकर चालू केला.

रोज माग चालू असताना तो स्पीकर खोलीतल्या खोलीत ऐकू आला नसता. त्या दिवशी माग बंद होते. अक्काचा आवाज दारातून बाहेर पडला आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेला. चेकरचं नाव आलं तशी अक्काची बोटं थांबली. मी तिला बिडी वळताना थांबलेलं तेवढं एकदाच पाहिलं.

"बंद कर," ती म्हणाली. "बंद कर गं, बाई."

मी बंद केलं. तिनं चहा दिला. कपबशी हातात देताना ती हळूच म्हणाली, "माजं कार्ड जाईल." ब्रँचचं कामाचं कार्ड. ते गेलं की पानं मिळत नाहीत, तंबाखू मिळत नाही, आणि दुसरी कुठली ब्रँच अशा बाईला दारात उभी करत नाही. नवऱ्याचा माग महिन्यातले निम्मे दिवस सुताअभावी बंद. मी म्हणाले, "काही होणार नाही, अक्का."  माझ्या तोंडून निघालेलं ते सर्वांत पोकळ पत्रक होतं.

दुसऱ्या दिवशी ब्रँचच्या रांगेत बाया आपसात हसल्या. अक्काचं नाव कोणी घेतलं नाही. पण 'यंत्रात चेकरचं नाव घेऊन छाटीची गोष्ट निघाली म्हणे' एवढं चेकरच्या कानावर पडलं. आणि तिसऱ्या दिवशी आमच्या दाराची कडी वाजली.

आई बाजारात गेली होती. बाबा रातपाळी करून आतल्या खोलीत झोपले होते. त्यांचं घोरणं बाहेर ऐकू येत होतं. दिग्दर्शक नुकताच लॉजवरून आला होता. मी लोखंडी पेटीवर यंत्र मांडून बसले होते. सकाळपासून माईकमध्ये खरखर येत होती, ती शोधत होते. अक्काचीच टेप, सुरुवातीपर्यंत गुंडाळलेली, यंत्रावर होती.

मी दार उघडलं. पुढं हवालदार, मागं पांढऱ्या लेंग्यातला, कानाला पेन्सिल लावलेला माणूस. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. त्याची दोन बोटं तंबाखूनं पिवळी होती आणि तो ती एकमेकांवर सारखी चोळत होता, बिडी दाबून बघावी तशी.

"सिनेमावाले तुम्हीच का?" हवालदार म्हणाला. दिग्दर्शकानं परवानगीचा कागद पुढं केला. हवालदारानं तो वाचला, परत वाचला. "ही परवानगी चादरीची हाय. बिडी कुठनं आली मधी?"

"विणकरांच्या घरात, साहेब, बायका बसल्या होत्या. त्या आल्या चित्रात. सहज."

"सहज!" चेकर म्हणाला. "सहज माझं नाव घेतलं काय?" आणि तो माझ्याकडे वळला. "ए पोरी. ते यंत्र तुझ्याकडं असतंय न्हवं? लाव. कोण बया बोलली ते ऐकू दे मला."

मी लहानपणापासून निर्भय होते असं मला वाटायचं. गेटवर बाबांच्या खांद्यावर बसून मी घोषणा दिल्या होत्या. त्या क्षणी मला समजलं की ते सगळं बाबांच्या खांद्यावरून होतं.  

आणि मग आतलं घोरणं थांबलं.

बाबा जागे झाले होते. मी त्यांची वाट पाहिली. ते आले नाहीत. दार तीन बोटं उघडं होतं, फटीत अंधार होता, आणि त्या अंधारात बाबा श्वास रोखून पडले आहेत हे मला दिसत नसून दिसत होतं.

"कुणाचं घर हे?" चेकरनं भिंतीकडे पाहत विचारलं.

"माझ्या... आमचं."

"बाप काय करतो?"

"मिलमध्ये."

"कुठल्या खात्यात?"

मी पेटीकडे सरकले. हवालदारानं मान वर केली. आणखी एक प्रश्न, आणि त्याला बाबांचं नाव कळलं असतं, आणि नाव कळल्यावर त्याला गेटवरची पत्रकं आठवली असती. मी टेपकडे बघितलं. त्या टेपवर अक्काचं नाव नव्हतं. पण आवाज होता, आणि हा माणूस वर्षानुवर्षं दर आठवड्याला तो आवाज टेबलाच्या पलीकडून ऐकत होता. त्याला नावाची गरज नव्हती.

"साहेब," दिग्दर्शक हवालदाराला म्हणाला, "आम्ही ते पुसून टाकतो. आत्ता, तुमच्यासमोर." त्याचा आवाज चिरकला. त्याची पदवी, त्याची परवानगी, सगळं त्या कागदावर होतं आणि कागद हवालदाराच्या हातात होता. मला त्याची चीड आली, आणि त्याच वेळी त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

"पुसते," मी म्हणाले आणि कोणी काही बोलायच्या आत बटण दाबलं. चाकं फिरायला लागली.

"अरे! आधी ऐकव म्हणलं ना!"

"पुसायला लागले," मी म्हणाले. "आता मधेच थांबवलं तर फीत अडकते." हे खोटं होतं.

"ओ हवालदार, बघा की!"

"काय बघू?" हवालदार खुर्चीवर बसला. "तुमची तक्रार काय, तर टेपवर बदनामी हाय. ती पुसायली. पुसली की तक्रार मिटली. पाणी मिळंल का गं?"

मी माठातून पाणी दिलं. फुलपात्र देताना थोडं पाणी त्याच्या अंगावर सांडलं. त्यानं ते हातानं झटकलं.

मग मी पेटीपाशी येऊन बसले आणि गप्प बसले. ही दिग्दर्शकाची शिकवण नव्हती. मला बोलताच येत नव्हतं. तोही बोलत नव्हता. हवालदार पाणी पीत होता. खोलीत नुसती चाकांची सरसर, आणि मधे उभा राहिलेला चेकर. ती शांतता त्याला सोसवली नाही.

"छाट, छाट," तो म्हणाला. "काय माहिती हाय ह्यांना छाटीची? पानं मालकाची, तंबाखू मालकाचा. छाट बी मालकाची! मी काय घरी न्हेतो व्हय? पोत्यात जाती, जानारच. मालकानं सांगितलंय, शंभरातल्या एवढ्या काढायच्याच. बरी असली तरी काढायच्या! न्हाय काढल्या तर मला काढंल त्यो." थोडं थांबून, बोटं चोळून, "बायांचं काय जातंय. बसल्या बसल्या वळत्यात. जिला पटत न्हाय तिनं कार्ड टेबलावर ठेवावं आन चालायला लागावं. धा जणी उभ्या हायत माझ्या दारात. आवाज मला पाठ हायत सगळ्यांचे. मी हुडकतोच बघ. तुझ्या बापाला बी हुडकतो."

त्याच वेळी माझं लक्ष यंत्राच्या काचेतल्या, आवाजाबरोबर हलणाऱ्या सुईकडे गेलं.

आमच्या यंत्रात पुसण्याचं वेगळं बटण नव्हतं. जुनं पुसायचं तर वर नवं नोंदवायचं, हीच रीत. पुसायचं आणि नोंदवायचं बटण एकच. नुसतं कोरं करायचं असेल तर माईक बंद करून मग ते दाबायचं. मी माईक बंद केला नव्हता. सकाळपासून खरखर शोधताना तो जोडलेलाच होता, चादरीखाली अर्धा झाकलेला. चेकर बोलला की सुई उडी मारत होती. तो थांबला की सुई पडत होती.

दिग्दर्शकानंही ते पाहिलं. आमची नजरानजर झाली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मी सुईच्या काचेवर हात ठेवला, सहज टेकवल्यासारखा. तळव्याखाली ती हलतेय असा मला भास होत होता. चेकरनं यंत्राकडे बघितलं तर? हवालदारानं विचारलं, हे काय हलतंय, तर? मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं की आता बोलू नका, जा.

हवालदार उठला. "चला. मिटलं." परवानगीचा कागद त्यानं दिग्दर्शकाच्या हातात दिला. "चादरीचं करा. चादर चांगली हाय की सोलापूरची." चेकर दारात थबकला, माझ्याकडे बघत राहिला, मग गेला. मी बटण बंद केलं. कडी लावली. खाली बसले ती बराच वेळ उठले नाही.

बाबा बाहेर आले. माठातलं पाणी प्यायले.

"गेले?"

"गेले."

"काय पुसलंस?"

"सगळं."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि परत आत गेले. ज्या माणसानं मला मोठ्यानं बोलायला शिकवलं त्याचे हे दोन शब्द माझ्या अंगावर त्या चेकरपेक्षा जास्त आले. रागानं मला रडू फुटलं. आज तो राग तेवढा राहिलेला नाही. फटीमागचा अंधार मीही आतून पाहिला आहे.

दिग्दर्शकानं टेप उलटी फिरवली आणि आम्ही एक-एक कान हेडफोनला लावून ऐकली. अक्का नव्हती. आधी बाबांचं घोरणं. नाही, तेही नव्हतं, ते आधीच थांबलेलं होतं. टेपवर नुसती ती थांबलेली खोली होती. मग 'अरे! आधी ऐकव.' मग हवालदार, फुलपात्र, सांडलेलं पाणी. मग छाट, छाट. एकेक शब्द स्वच्छ. तिथंच दिग्दर्शकानं टेप थांबवली.

"हे पुस," दिग्दर्शक म्हणाला. "आत्ता. माईक बंद करून."

"नाही."

"तो परत येईल. या घरात येईल. तुझे वडील आत आहेत, अक्कल आहे का?"

"अक्काचं मी विचारल्याशिवाय पुसलं. हे तिला विचारल्याशिवाय पुसणार नाही."

"तिचं काय आहे याच्यात? तिचा आवाज गेला."

"कार्ड तिचं आहे," मी म्हणाले.

तो बराच वेळ टेपच्या डबीवर बोटं वाजवत राहिला. मग म्हणाला, "आधी कार्ड राहतंय का बघ."

अक्काचा बिड्या देण्याचा दिवस आला. ब्रँचच्या समोर सायकलचं दुकान होतं, तिथं मी पंक्चरला आलेल्या गिऱ्हाइकासारखी उभी राहिले. यंत्र नेलं नव्हतं. बायांची रांग उन्हात भिंतीला धरून सरकत होती. अक्का मधे कुठंतरी, डोक्यावर पदर, काखेत सूप. आत चेकर काय करतोय ते दिसत नव्हतं, पण बाहेर येणारी प्रत्येक बाई पुटपुटत येत होती. त्या दिवशी तो मूठ-मूठ फेकत होता, सगळ्यांच्याच. आणि प्रत्येकीला बोलायला लावत होता: नाव सांग, गल्ली सांग, नवरा काय करतो सांग. मला त्याचा डाव कळला. तो आवाज शोधत होता. पण त्याला कळत नव्हतं की तो कोणता आवाज शोधतोय; टेप त्यानं ऐकलीच नव्हती. नुसत्या घाबरलेल्या बायांचे घाबरलेले आवाज, सगळे सारखे.

अक्का आत गेली. सायकलवाल्यानं विचारलं, "ताई, सायकल कुटंय तुमची?" मी म्हणाले, "येतेय." तो माझ्याकडे बघतच राहिला.

ती बाहेर आली तेव्हा दोन्ही हात भरलेले होते. एका हातात पानांचं ओलं गाठोडं, एका हातात तंबाखूची पिशवी, काखेत सूप. आणि कार्ड दातांत धरलेलं. पिवळं, कोपरे झिजलेलं कार्ड, दातांत घट्ट. रस्ता ओलांडून ती माझ्या अगदी जवळून गेली. माझ्याकडे न बघता, कार्ड न सोडता, दातांतूनच म्हणाली, "हितं कशाला उभी ऱ्हायलीस येड्यासारकी. घरी ये."

मी आमच्या घरून यंत्र घेतलं आणि तिच्याकडे गेले. माग चालू होते, खट्याक-खट्याक, भिंत हलत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला तो आवाज गोड वाटला. हेडफोन मी अक्काच्या कानाला लावले, पदरावरूनच. ती सूप मांडीवर घेऊन बसली होती. टेप सुरू केली आणि मी तिचं तोंड बघत राहिले, कारण मला मागांशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

आधी ती दचकली. डोळे दाराकडे गेले. मग बोटं आपली आपण वळायला लागली. मग एका ठिकाणी तिची मान वर झाली. "बरी असली तरी काढायच्या," हेडफोन लावलेली माणसं बोलतात तशी मोठ्यानं ती म्हणाली. "सोत्ता म्हनला! अय्यो! मालक त्याला काढंल म्हनून मला काढतो, असं सोत्ता म्हनला!"

"हळू, अक्का, हळू!" मी दाराकडे धावले. पण माग चालू होते. गल्लीत कोणी मान वर केली नाही.

ती ऐकत राहिली. मग तिच्या तोंडावर काहीतरी विचित्र आलं. ती माझ्याकडे बघून हसायला लागली, आणि तिनं हेडफोन काढून माझ्या कानाला लावले. मी टेप थोडी मागं घेतली. चेकरचं 'तुझ्या बापाला बी हुडकतो', मग हवालदार, पावलं. मग मी बटण बंद केल्याचा खटका. आणि त्याच्या पुढं, जिथवर पुसणं पोचलंच नव्हतं तिथं, स्वच्छ, शांत, विजेविना पडलेल्या त्या सकाळच्या खोलीतून अक्का म्हणत होती: झालं तेवढंच. उठा आता, चा ठेवते.

एवढ्या सगळ्या बोलण्यातलं तिचं एवढंच राहिलं होतं. मला हसावं की काय ते कळेना.

"हे ठेवू का, अक्का?" मी विचारलं. "की पुसू? सिनेमात लावलं तर मोठ्या शहरात दाखवतील. चेहरा नसेल. नुसते वळणारे हात, आणि हा आवाज. नाव नाही कुणाचंच. तरी कधीतरी कुणीतरी येऊन त्याला सांगेल."

 त्या महिन्यातली माझी भीती संपली नव्हती. ती अजून संपलेली नाही, कडी वाजली की मी आजही आधी खिडकीतून बघते.

अक्कानं दोरा दातानं तोडला. वळलेली बिडी बोटानं दाबून बघितली, चेकरसारखी, आणि कट्ट्यात खोचली.

"त्याचं त्यो बोललाय, त्याचं त्यो बघंल," ती म्हणाली. "आन माजं काय हाय त्यात? चा ठेवते म्हनलं म्हनून कार्ड काडून घेत न्हाईत." मग सूप बाजूला सारून ती उठली. "ठेव. आन बस. खरंच ठेवते."